तीन डबे आणि बाबांचा हात

पासष्टच्या युद्धाच्या वेळी मी जबलपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होते आणि एकाहत्तरच्या वेळी तिथंच शिकवत होते. मधल्या वर्षांत आमच्या घरात फारसं काही बदललं नव्हतं. तेच शस्त्रांच्या सरकारी फॅक्टरीचं दोन खोल्यांचं क्वार्टर, सकाळचा तोच भोंगा आणि भोंगा व्हायच्या आत सायकलला डबा अडकवून निघणारे बाबा.

बाबा वर्ध्याकडचे. विशीत इथं फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. बाहेर हिंदी, घरात आमची नागपुरी वळणाची मराठी. फॅक्टरीत ते गेजरूममध्ये होते. गेज म्हणजे मापाचा नमुना. तयार झालेला माल बरोबर मापाचा आहे की नाही, हे गेज लावून ठरवतात. माल हजारोंनी निघतो, पण गेज एकच असतं, आणि तेच चुकलं तर मागचं सगळं चुकतं. मशीनवरून आलेल्या गेजला शेवटचा हात बाबांचा. काचेसारख्या सपाट प्लेटवर बारीक पेस्ट लावून ते तो तुकडा घासत, पुसत, मापत, पुन्हा घासत. केसाच्या कितव्या तरी भागाइतकं लोखंड त्यांना काढायचं असायचं, आणि ते हाताला कळतं, असं ते म्हणत. घरी आई सुईत दोरा ओवायला त्यांच्याकडे द्यायची. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता ओवून परत द्यायचे.

मला कॉलेजात शिकवायला मिळालेला विषय होता कंट्रोल, म्हणजे यंत्रांचं नियंत्रण. कुणालाच तो नको होता. पुस्तकं दोनच, ती विलायती, आणि प्रयोगशाळा नावालाच. सामानाची यादी कधीच परदेशी गेली होती, पण परकीय चलन मिळत नव्हतं. मी सगळ्यात नवी, आणि विभागातली एकटीच बाई, म्हणून विषय माझ्या पदरात पडला. सामानाचं विचारायला गेले तेव्हा आमचे विभागप्रमुख हसून म्हणाले, "मैडम, थ्योरी तो चॉक से भी पढ़ाई जा सकती है."

मी खडूनं शिकवलं. फळा भरून समीकरणं लिहिली, मुलांनी ती वह्यांत उतरवली. एक दिवस तास संपल्यावर सागर जिल्ह्याकडचा एक उंच मुलगा टेबलापाशी आला. वर्गात सगळ्यात मोठ्यानं हसणारा तोच, पण त्या दिवशी गंभीर होता.

"मैडम, एक बात पूछूँ? ये जो आप पढ़ाती हैं, ये चीज़ होती कहाँ है?"

विमानात असते, रॉकेटमध्ये असते, असं काहीतरी बोलले. ते त्याला पटलं नाही, आणि मलाही नाही.

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. बाबा भाकरी मोडत म्हणाले, "तू नेमकं शिकवून काय राहिली त्या पोरांले? मले सांग बरं."

मी म्हटलं, "आपल्या क्वार्टरांच्या वरच्या टाकीत तांब्याचा गोळा तरंगतो ना, बाबा? पाणी वर आलं की गोळा वर येतो आणि नळ बंद करतो. पाणी उतरलं की गोळा उतरतो, नळ उघडतो. कोणी माणूस लागत नाही. चूक मोजायची आणि चुकीच्या उलट ढकलायचं, एवढंच शिकवते मी."

"म्हणजे गोळाच चौकीदार होय."

"हो. पण ढकलणं उशिरा पोचलं, तर घोटाळा होतो. पाणी कमी आहे म्हणून नळ उघडला, आणि ते पाणी पोचेपर्यंत वेळ गेला, तर तोवर नळ उघडाच राहतो. मग पाणी नको तितकं वर जातं. मग बंद, तेही उशिरा. मग नको तितकं खाली."

बाबांचा घास हातातच राहिला. "हे तर करून दाखवता येते. काहून नाही दाखवत?"

"सामान नाही."

"सामान काय लागते त्याले?" असं म्हणून त्यांनी आईकडे पाहिलं. आईला लगेच कळलं. ती म्हणाली, "माझ्या डब्यांले हात लावाल तर पाहा."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिचे तीन डबे गेले. तेलाचे चौकोनी पत्र्याचे डबे. गहू कशात ठेवू, असं ती दिवसभर विचारत राहिली. बाबांनी लाकडाची एक घोडी करून तिन्ही डबे तिच्यावर एकाखाली एक बसवले. वरच्यातून मधल्यात, मधल्यातून खालच्यात बारीक नळीतून पाणी यायचं. शेवटच्या डब्यात तांब्याचा गोळा, पाणी कुठवर हवं त्याची खूण, आणि तळाशी पाणी सतत वाहून जायला एक भोक. गोळ्याच्या दांड्याचं दुसरं टोक सगळ्यात वर टांगलेल्या बादलीच्या नळापाशी. म्हणजे खालच्या डब्यात पाणी कमी झालं, तर नळ वर उघडणार, आणि ते पाणी दोन डबे ओलांडून, उशिरा, खाली पोचणार. दांड्याला बाबांनी ओळीनं भोकं पाडली होती. खिळा या भोकातून त्या भोकात सरकवला, की गोळ्याच्या थोड्याशा हालचालीनं नळ कमी किंवा जास्त उघडायचा. याला आमच्या विषयात गेन म्हणतात. बाबा त्याला "उतावळेपणा" म्हणायचे.

गोळ्याच्या सांध्यातून पाणी शिरत होतं, म्हणून आम्ही दोघं सराफ्यात त्यांच्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्यानं फुंकणीनं तो सांधा झाळून दिला आणि एवढा मोठा दागिना कुणासाठी, असं विचारलं. नळ मात्र बाबांनी स्वतः केला. पितळेची सुई आणि ती ज्यात बसते ते तिचं घर, दोन्ही घासून घासून असं जुळवलं, की बोटानं फुंकरीइतकं हलकं ढकललं तरी सुई सरकायची.

त्या प्रयोगाच्या दिवशी वर्गात जे झालं ते मी विसरलेले नाही. वर टांगलेल्या बादलीत मुलं आळीपाळीनं पाणी ओतत होती. खिळा पहिल्या भोकात होता तेव्हा पाणी हळूहळू खुणेपाशी आलं आणि थांबलं. मी खिळा पुढच्या भोकात घातला. पाणी खुणेच्या वर गेलं, खाली आलं, थोडं वर गेलं आणि स्थिरावलं. आणखी पुढच्या भोकात घातला, आणि पाणी वर-खाली, वर-खाली होत राहिलं. थांबेचना. मुलं बाकांवर चढली. सागरकडचा मुलगा घड्याळ धरून वेळ मोजत होता आणि ओरडून आकडे सांगत होता. फळ्यावरच्या समीकरणातून आम्ही जो आकडा काढला होता, त्याच्या जवळच तो निघाला.

"इसको हंटिंग बोलते हैं," मी सांगितलं. "मशीन सही जगह ढूँढ़ती रहती है, पर मिलती नहीं."

मग मला चटकच लागली. बिस्किटांच्या डब्यात बल्ब आणि थर्मामीटर ठेवून मुलांना हातानं बटण दाबत उष्णता एका जागी धरायला लावली. तळहातावर काठी उभी धरायचा प्रयोग तर फुकटचाच होता. लांब बांबू सहज तोलला जातो, पेन्सिल कुणालाच तोलता येत नाही. कारण पेन्सिल पडायला लागली हे डोळ्यांना कळून हात हलेपर्यंत ती पडलेली असते. मुलं मैदानात बांबू तोलत हिंडायची, आणि इतर विभागांचे लोक आमच्याकडे बघून मान हलवायचे. ते वर्ष चांगलं गेलं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या जरा आधी नळ गळायला लागला. मी बाबांना सांगितलं. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ते पिशवीत हत्यारं घेऊन सायकलनं कॉलेजात आले. मुलांना येऊ नका म्हटलं होतं, तरी दहा-बारा आली होती. ज्यांनी हे बनवलं ते बाबूजी कोण, हे त्यांना बघायचं होतं. बाबांना ते आवडलं. त्यांनी सुई काढली, घासली, पुसली, उजेडात धरून पाहिली. सगळं नेहमीसारखं. मग ती परत नळातल्या तिच्या घरात बसवायला हात पुढे नेला.

हात सुरुवातीला स्थिर होता. सुई घराच्या जवळ गेली तसा हलायला लागला. आणखी जवळ नेली, तर आणखी. इकडे जास्त गेला म्हणून तिकडे आणला, तर तिकडे जास्त गेला. बाबांनी हात मागे घेतला. मागे घेतल्याबरोबर तो थांबला. पुन्हा पुढे नेला, पुन्हा तेच.

सागरकडचा मुलगा मागून उत्साहानं ओरडला, "मैडम, देखिए! हंटिंग!"

सगळी हसली. त्याच्या मनात काही नव्हतं. वर्गात शिकवलेली गोष्ट वर्गाबाहेर ओळखता आली, याचाच त्याला आनंद झाला होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकेकाचं हसू थांबलं. मी पुढे होऊन सुई बसवली. मला तीन वेळा प्रयत्न करावा लागला, पण बसली.

परत येताना बाबा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. वाटेत हँडलवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाले, "हंटिंग म्हणजे तर शिकार ना? काय म्हणून राहिला होता तो पोरगा?"

"काही नाही, बाबा. त्यांचं काहीतरी चालतं."

"अच्छा," ते म्हणाले.

त्यांना पटलं नाही, हे मला कळलं होतं. आठवडाभरानं मी घरी वह्या तपासत बसले होते. एका वहीत तीन डब्यांची आकृती होती. बाबा मागे येऊन उभे राहिले, आकृतीतल्या वर-खाली होणाऱ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "हे पाणी असं वर-खाली होते, याले काय म्हणता तुम्ही?"

"हंटिंग," मी बोलून गेले. शब्द परत घेता आला असता तर किती बरं झालं असतं. ते अंगणात गेले आणि सायकलची चेन साफ करत बसले.

नंतर आईकडून कळलं. पावसाळ्यापासून असंच चाललं होतं. चहाचा कप तोंडाशी नेताना बशीत सांडायचं. आईनं कधीचाच दोरा स्वतः ओवायला घेतला होता. मी त्याच घरात राहत होते, रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होते, आणि मला दिसलं नव्हतं. मी डबे बघत होते.

डॉक्टरांना दाखवलं. एकांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. मोठ्या डॉक्टरांनी बाबांना डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, पाय ठोकून पाहिले आणि म्हणाले, "नसों का मामला है. आराम कीजिए." मी विचारलं, याच्यावर औषध? त्यांनी खांदे उडवले. मी म्हटलं, हात वस्तूच्या जवळ जातो तेव्हाच जास्त हलतो, म्हणजे डोळ्यांकडून निरोप पोचायला कुठंतरी उशीर होत असेल का? ते माझ्याकडे बघत राहिले. "आप क्या पढ़ाती हैं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "समझ तो आप ठीक रही हैं. लेकिन इससे होगा क्या?"

आराम करायचे ते दिवस नव्हते. युद्ध सुरू होणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि मग ते सुरू झालं. फॅक्टरीत सुट्ट्या बंद झाल्या, बारा-बारा तासांची पाळी लागली. खिडक्यांना आम्ही जाड खाकी कागद चिकटवले. गाड्यांचे दिवे अर्धे काळे झाले. कॉलेजच्या मैदानात, जिथं मुलं बांबू तोलत हिंडायची, तिथं खंदक खणले. मुलंच खणत होती. सायरन वाजला की कुठं पळायचं, याचा सराव रोज व्हायचा.

अशाच एका संध्याकाळी बाबा घरी आले, हातपाय धुतले आणि दिवे बंद करायची वेळ व्हायच्या आधी माझ्यासमोर येऊन बसले. उजवा हात माझ्यापुढे धरला.

"तू पोरांले शिकवते ना, ते पाणी कसं थांबवायचं. मग याचं काही करता येईल का?"

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "करून पाहू, बाबा."

मला जे माहीत होतं ते सगळं मी काढलं. हेलकावे थांबवायचे तीनच मार्ग असतात. उतावळेपणा कमी करायचा, उशीर कमी करायचा, किंवा हालचालीला असं काहीतरी जोडायचं जे वेगाला विरोध करतं. पहिल्या दोन्हींना माझा हात पोचत नव्हता, ते बाबांच्या शरीरात होते. तिसरा उरला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी एक आकृती काढत बसले होते, तेव्हा सागरकडचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. त्या दिवसापासून तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

"मैडम, उस दिन मैंने..."

"रहने दो," मी म्हटलं. "सायकिल का पंप है तुम्हारे पास?"

त्याच्याकडे होता. आम्ही पंपाच्या नळीत एरंडेल भरलं, चामड्याच्या वायसरला बारीक भोक पाडलं. दांडा हळू ढकलला तर सहज जायचा, झटक्यानं ढकलला तर तेल अडवायचं. दांड्याला कापडी पट्टा शिवला, तो मनगटाला बांधायचा. पंप टेबलाला पक्का करायला लाकडी ठोकळा. दोन दिवस तो मुलगा खंदक सोडून त्याच्यातच गुंतला होता. भोक लहान-मोठं करून आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं. कशासाठी आहे, असं त्यानं एकदाही विचारलं नाही.

घरी मी ते बाबांच्या मनगटाला बांधलं. आई दारात उभी होती. बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला आणि टेबलावरच्या एका बारीक स्क्रूच्या खाचेत नेला. हात गेला, जाऊन थांबला, हलला नाही. आईनं तोंडाला पदर लावला. मी बाबांकडे बघून हसले. मला वाटलं, जमलं. ते सुख फार तर दहा मिनिटं टिकलं असेल.

बाबांनी घासायची छोटी प्लेट काढली, तिच्यावर पेस्ट लावली आणि एक लोखंडी तुकडा घासायला घेतला. चार-पाच फेऱ्या मारल्या. थांबले. डोळे मिटून पुन्हा मारल्या. मग पट्टा सोडायला सांगितला.

"काहून, बाबा? हात थांबला ना?"

"हात थांबला," ते म्हणाले. "पण काही समजून नाही राहिलं. तुकडा कुठं टेकला, कुठं अडला, ते मले हातात येते, बेटा. आता माझ्या अन् त्याच्यामधे हे तेल येऊन बसलं."

मी पट्टा सोडला. त्यांचं अगदी बरोबर होतं. जे हेलकावे थांबवतं, तेच बारीक निरोपही थांबवतं. हे मी मुलांना शिकवलं होतं, परीक्षेत विचारलंही होतं. भोक मोठं केलं तर हात हलायचा. लहान केलं तर हाताला कळायचं नाही. मधलं माप मी पुढचे आठ दिवस शोधत होते. ते नव्हतंच.

फॅक्टरीत बाबा काय करत होते, ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. कोपर टेबलाला टेकवून, डाव्या हातानं उजवं मनगट धरून ते काम रेटत होते. बाजूचा जुना सोबती त्यांचे काही तुकडे स्वतःच्या हाताखालून काढत होता. कुणी काही बोलत नव्हतं. माणसं कमी होती आणि काम डोंगराएवढं.

एक दिवस बाबा भोंग्याच्या वेळेआधीच घरी आले. युद्धाच्या दिवसांत हे कधीच व्हायचं नाही. आई घाबरून उठली. बाबांनी तिला बसायची खूण केली आणि खाटेवर बसून स्वतःच सांगितलं. त्यांनी सकाळी पूर्ण करून दिलेलं एक गेज दुपारी त्यांना राहवेना म्हणून परत मागून घेतलं आणि मापलं. माप चुकलं होतं. फार नाही, पण चुकलं होतं. अजून कुठं गेलं नव्हतं, कपाटातच होतं. ते गेज हातात घेऊन ते सरळ फोरमनकडे गेले.

"काय म्हणाले साहेब?" मी विचारलं.

"म्हणाले, भैया, पकड़ लिया ना? बात ख़तम. ऐसे वक़्त में आप भी चले गए तो मैं किससे कराऊँ?" बाबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. "मी म्हटलं, आज पकडलं. उद्या नाही पकडलं तर? त्या मापानं निघालेला माल तिकडं जाईल. तिकडं कोणाच्या तरी पोराच्या हातात अडकेल."

"मग?"

"मग काय. स्टोअरमधे दिलं मले. कामगाराचा बिल्ला ठेवून घ्यायचा, त्याले कामाचं हत्यार द्यायचं."

आई म्हणाली, "चांगलं झालं. आराम भेटेल." तिच्या आवाजावरून तिला तसं वाटत नव्हतं हे कळत होतं. बाबा मान हलवून "हो, हो" म्हणाले. मी त्यांच्या बाजूला बसले. काहीतरी बोलायला हवं होतं. तुम्ही बरोबर केलं, असं काहीतरी. ते मी बोललेही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिथं तो हलत नव्हता, कारण तिथं त्याला काही नेमकं गाठायचं नव्हतं. हा विचार त्या क्षणीही माझ्या डोक्यात आला आणि मला स्वतःची चीड आली.

त्याच आठवड्यात वर्गात तीन डब्यांचा प्रयोग पुन्हा घ्यायचा होता. अर्धी मुलं नागरी संरक्षणाच्या कामावर होती. मी विभागप्रमुखांना सांगितलं, यंदा राहू द्या, खडूनंच शिकवते. त्यांनी लगेच होकार दिला. खरं कारण मुलं नव्हती. ते पाणी वर-खाली होताना मला उभं राहून बघवलं नसतं. पुढे मुलांनी माझ्याशिवाय, आपलं आपण तो प्रयोग केला आणि वह्या नीट लिहून माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. मी सगळ्यांवर सही केली. एकही उघडून वाचली नाही.

युद्ध थोड्याच दिवसांत संपलं. आपण जिंकलो होतो. रस्त्यावर लोक एकमेकांना मिठाई भरवत होते. फॅक्टरीच्या फाटकावर हार घातले होते, ढोल वाजत होते. बाबा नेहमीच्या वेळेला आले. कुणीतरी त्यांच्या कपाळाला गुलाल लावला होता. आईनं खोव्याची जिलेबी आणली होती, ती त्यांनी खाल्ली. गेजरूममधल्या सोबत्यांचं साहेबांनी नाव घेऊन कौतुक केलं, असं त्यांनी सांगितलं. स्वतःचं नाव घेतलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

स्टोअरमध्ये त्यांनी पुढची काही वर्षं काढली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, आम्ही भाड्याच्या घरात आलो. हाताचं हलणं वाढत गेलं. डावाही हलायला लागला. पाहुणे आले की ते जेवायला बसत नसत, भूक नाही म्हणत. दर दोन-चार महिन्यांनी माझ्या डोक्यात काहीतरी नवं यायचं. मनगटाला शिशाचा पट्टा, जाड मुठीचा चमचा, तळाला जड, न लवंडणारा कप. प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे, "अच्छा, लाव, पाहू." काही गोष्टी आठवडाभर चालायच्या, काही तेवढ्याही नाही. ते माझ्यासाठी वापरून बघत होते, हे मला उशिरा कळलं.

पेन्शनसाठी दरवर्षी हजर होऊन सही करावी लागायची. एके वर्षी मी त्यांच्याबरोबर गेले. खिडकीपलीकडच्या बाबूनं कागद पुढे सरकवला. बाबांनी पेन घेतलं, कागदाजवळ नेलं, आणि तिथं ते अक्षरं शोधत राहिले. सही झाली, पण ती कुणाचीही असू शकली असती. बाबूनं जुनी सही काढून शेजारी ठेवली. जुनी एखाद्या छापील अक्षरासारखी होती.

"बाबूजी, दस्तख़त नहीं मिल रहे."

"एक बार और करके देखता हूँ," बाबा म्हणाले. पुन्हा केली. पुन्हा नाही.

आमच्या मागे रांग वाढत होती. मी म्हटलं, "ये वही हैं. सामने तो खड़े हैं. हाथ काँपता है, बस."

"मैं मानता हूँ, दीदी," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "पर काग़ज़ नहीं मानता. अंगूठा लगवा दीजिए, हर साल का झंझट ख़तम."

मी आणखी काहीतरी बोलणार होते. बाबांनी मला थांबवलं आणि हात खिडकीतून आत दिला. त्यांच्या हातानं अंगठाही नीट टेकेना, म्हणून बाबूनं तो स्वतःच्या दोन्ही हातांत धरला, शाईवर दाबला, मग कागदावर. लहान मुलाचा दाबतात तसा. मी शेजारी उभी राहून पाहत होते. आजूबाजूच्या लोकांनी नजर दुसरीकडे वळवली होती.

बाहेर आल्यावर बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि अंगठा पुसत राहिले. शाई निघत नव्हती.

"चल," ते म्हणाले, "ऊन चढून राहिलं."